गुहेच्या तोंडाशी लावलेली आग

फ्लोरेस हे इंडोनेशियाच्या पूर्व भागातले लांबट, अरुंद बेट. लांबी साडेतीनशे किलोमीटर आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत ज्वालामुखींची रांग. बेटाच्या मध्यावर एबुलोबो नावाचा ज्वालामुखी आहे आणि त्याच्या आसपास नागे लोकांची गावे आहेत. या नागे लोकांपैकी उआ इथली मंडळी आपल्या पूर्वजांनी केलेल्या एका हत्याकांडाची गोष्ट सांगतात.

डोंगरातल्या लिया उला नावाच्या गुहेत पूर्वी एबु गोगो राहत. बुटके, अंगभर केस, सुटलेले पोट. बायकांचे स्तन इतके लोंबते की त्या ते खांद्यावरून पाठीमागे टाकत. ‘एबु’ म्हणजे आजी किंवा पूर्वज आणि ‘गोगो’ म्हणजे समोर येईल ते खाणारा. खरोखरच ते हाती लागेल ते खात आणि कच्चेच खात. आपसात काहीतरी पुटपुटत, पण माणसाशी बोलणे त्यांना जमत नसे. समोरचा जे म्हणेल तेच शब्द ते पुन्हा उच्चारत. शेतातले पीक ते चोरायचे, आणि तेवढे गावकरी चालवून घ्यायचे. एकदा गावात मोठे जेवण होते, तेव्हा त्यांनाही बोलावणे गेले. पाहुणे आले, पुढ्यातले सगळे अन्न त्यांनी फस्त केले आणि मग भोपळ्याच्या कवचाची ताटेही खाऊन टाकली.

पुढे त्रास वाढला. काही सांगणाऱ्यांच्या मते एबु गोगोंनी एक तान्हे मूल पळवून खाल्ले. मग गावाने डाव रचला. त्या भागात साखर देणारा एक ताड होतो. त्याच्या खोडाभोवती काळ्या, राठ तंतूंचा जाड थर असतो. छपरे शाकारायला आणि दोर वळायला हे तंतू वापरतात, आणि वाळलेले तंतू ठिणगी पडताच पेट घेतात. अंगावर घ्यायला, खाली अंथरायला होतील असे सांगून गावकऱ्यांनी त्याचे भारे एबु गोगोंना देऊ केले. त्यांनी ते आनंदाने उचलून गुहेत नेले. गुहा भरली तेव्हा गावकऱ्यांनी आत जळते कोलीत फेकले. सगळे जळून, गुदमरून मेले. एक जोडपे तेवढे निसटले आणि जंगलात पळाले.

कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाचे मानववंशशास्त्रज्ञ ग्रेगरी फोर्थ 1984 पासून नागे लोकांमध्ये काम करत होते. ही कथा जगाला ठाऊक होण्याच्या कितीतरी आधी त्यांनी ती गावकऱ्यांच्या तोंडून ऐकून टिपून ठेवली होती. त्यांच्या नोंदींतली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी: नागे लोक एबु गोगोंना भुताखेतांत मोजत नाहीत. त्यांच्याकडे झऱ्याकाठी, डोंगरात, मोठ्या झाडांवर राहणारी ‘नितु’ नावाची अदृश्य शक्ती आहे. तिला नैवेद्य लागतो, ती कोपते, स्वप्नात येते. एबु गोगोंना यातले काही जमत नाही. ते रूप बदलत नाहीत, अदृश्य होत नाहीत, कुणाला झपाटत नाहीत. ते जन्मतात, खातात, आगीत जळतात आणि संपतात. आज ते आहेत असेही उआचे लोक म्हणत नाहीत. दोन-तीनशे वर्षांपूर्वी आपल्याच वाडवडिलांनी त्यांना संपवले, एवढेच सांगतात.

मग सप्टेंबर 2003 मध्ये बेटाच्या पश्चिम भागात, मांगाराई लोकांच्या मुलखात, लिआंग बुआ नावाच्या प्रशस्त चुनखडी गुहेत एक खड्डा सहा मीटर खोल गेला. ही गुहा नवी नव्हती. थिओडोर फरहूफन या डच धर्मगुरूने तिथे 1950 मध्ये मुलांची शाळा भरवली होती आणि 1965 मध्ये उत्खननही केले होते. त्यानंतर इंडोनेशियाचे ज्येष्ठ पुरातत्त्वज्ञ आर. पी. सुयोनो यांनी तिथे अनेक वर्षे खोदकाम केले. 2001 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या न्यू इंग्लंड विद्यापीठाचे माइक मॉरवुड त्यांच्याबरोबर सामील झाले. आधीचे संशोधक जिथे थांबले होते त्याच्या खाली जायचे, असे या पथकाने ठरवले. रोजचे खोदकाम गावातले अनुभवी मजूर करत. खड्ड्याच्या भिंती ढासळू नयेत म्हणून लाकडाचे टेकू लावत आणि नाजूक जागी बांबूच्या काड्यांनी माती सोडवत. सहा मीटरवर त्यांना कवटीची कड लागली.

हाडे दगड झालेली नव्हती. दमट मातीत राहून ती इतकी लिबलिबीत झाली होती की बोट लागले तरी दबत. ती खड्ड्यातच वाळू द्यावी लागली, नेलपॉलिश काढायच्या द्रवात गोंद मिसळून त्याचे हात त्यांवर द्यावे लागले आणि मगच ती आसपासच्या मातीसकट उचलता आली. आकारावरून आधी मूल वाटले. पण अक्कलदाढा आलेल्या होत्या आणि दात झिजलेले होते. ही सुमारे तीस वर्षांची प्रौढ स्त्री होती, उंची 106 सेंटिमीटर. मेंदूचा आकार साधारण 400 घन सेंटिमीटर, आपल्या मेंदूच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी. हात लांब, पाय आखूड, पण पाऊल मोठे: मांडीच्या हाडाच्या जवळजवळ 70 टक्के लांबीचे. तिच्या नातलगांच्या भोवती सापडली ती दगडी हत्यारे, स्टेगोडॉन नावाच्या खुज्या हत्तीची हाडे, कोमोडो ड्रॅगनचे दात आणि मांजराएवढ्या उंदरांच्या सांगाड्यांचा ढीग. ते मोठे उंदीर फ्लोरेसवर आजही आहेत.

ऑक्टोबर 2004 मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात ‘होमो फ्लोरेसिएन्सिस’ हे नाव जाहीर झाले आणि जगभर तिला टोलकिनच्या कादंबरीवरून ‘हॉबिट’ म्हणू लागले. वय सांगितले गेले फक्त 18,000 वर्षे. याच प्रजातीचे अवशेष 12,000 वर्षांपूर्वीपर्यंतच्या थरांत आहेत, असेही तेव्हा वाटले. बारा हजार वर्षे म्हणजे शेती सुरू होण्याच्या उंबरठ्यावरचा काळ. मॉरवुड यांचे सहकारी रिचर्ड रॉबर्ट्स यांनी त्याच सुमारास एबु गोगोंच्या कथा एका ब्रिटिश वृत्तपत्रात मांडल्या. एका बाजूला तीन-साडेतीन फुटी माणसाचा सांगाडा, दुसऱ्या बाजूला त्याच बेटावरच्या बुटक्या, केसाळ शेजाऱ्यांची आठवण. जोडी इतकी चपखल बसली की लिआंग बुआच्या बातमीबरोबर एबु गोगो जगभर गेले, आणि नागे लोकांच्या कथेकडे त्या हाडांची साक्ष म्हणूनच पाहण्याची सवय लागली.

ही सवय सुटायला हवी असे मला मनापासून वाटते. त्याची कारणे कथेत आहेत तशी मातीतही आहेत.

आधी मातीतली. 2004 चा काळ ज्या कोळशावरून ठरला तो कोळसा आणि हाडे एकाच थरातली आहेत, असे गृहीत धरले होते. पुढची अनेक वर्षे थॉमस सुतिकना आणि त्यांचे सहकारी गुहेत नवनवे खड्डे घेत गेले, आणि वेगळेच चित्र समोर आले. गुहेतला जुना गाळ एकेकाळी पाण्याने कापून नेला होता. त्याचा एक उंचवटा तेवढा शिल्लक राहिला होता. त्या उंचवट्याच्या उतरत्या कडेला लागून नंतरच्या काळात नवा गाळ साचला. एकाच खोलीवर, हातभर अंतरावर, एकमेकांहून हजारो वर्षांनी वेगळी माती होती आणि कोळशाचे नमुने नव्या मातीतले होते. मग हाडांतल्या युरेनियमवरून आणि गाळाच्या कणांनी शेवटचा सूर्यप्रकाश केव्हा पाहिला यावरून काळ नव्याने मोजला. 2016 मध्ये जाहीर झालेला निष्कर्ष असा: हाडे 1,00,000 ते 60,000 वर्षांपूर्वीची, आणि त्या प्रजातीची मानली जाणारी हत्यारे 50,000 वर्षांपूर्वी थांबतात. आपल्यासारख्या माणसांच्या खुणा गुहेत त्यानंतर, सुमारे 46,000 वर्षांपूर्वीपासून दिसू लागतात.

म्हणजे दोघांची गाठ पडलीच असेल तर ती पन्नास हजार वर्षांपूर्वी. नागे लोकांची भाषा ऑस्ट्रोनेशियन कुळातली. ती बोलणारे दर्यावर्दी या बेटांवर पोचले ते फार तर चार हजार वर्षांपूर्वी. शिवाय लिआंग बुआ नागे मुलखापासून बरेच दूर, डोंगररांगांपलीकडे आहे. मौखिक आठवणीला अशी झेप अशक्यच आहे असे मी म्हणणार नाही. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरचे आदिवासी समुद्र आत घुसून जमीन बुडाल्याच्या कथा सांगतात. पॅट्रिक नन आणि निकोलस रीड यांनी अशा 21 ठिकाणच्या कथा समुद्राच्या पातळीच्या इतिहासाशी ताडून पाहिल्या, तेव्हा काहींचे वय सात हजार वर्षांहून जास्त निघाले. पण तिथे एकच समाज त्याच किनाऱ्यावर सलग राहत आला आहे आणि कथेचा विषय असलेली बुडालेली जमीन डोळ्यांपुढच्या पाण्याखालीच आहे. फ्लोरेसवर माणसे बदलली, भाषा बदलल्या, आणि काळ सहा-सातपट लांबला.

मधल्या काळात या प्रजातीविषयीचे ज्ञान मात्र पक्के होत गेले. ही आजारी, मेंदूची वाढ खुंटलेली आधुनिक माणसेच होती, असे सुरुवातीला काही तज्ज्ञ हिरिरीने मांडत होते. 2007 मध्ये मॅथ्यू टोचेरी यांनी मनगटाची हाडे तपासली. आपल्या मनगटात अंगठ्यापासून येणारा दाब वाटून घेणारे जे हाड रुंद असते, ते इथे वानरांप्रमाणे पाचरीच्या आकाराचे होते. हा आकार गर्भात असतानाच ठरतो, मागाहून झालेल्या आजाराने तो तसा होत नाही. फ्लोरेसच्याच सोआ खोऱ्यातल्या माता मेंगे इथे 7,00,000 वर्षांपूर्वीचा जबडा आणि दात मिळाले आणि तेही इतकेच लहान निघाले. 2024 मध्ये तिथल्याच दंडाच्या हाडावरून उंची काढली तर ती एक मीटरच्या आसपास आली. बेटावर आलेले मोठे सस्तन प्राणी पिढ्यान्‌पिढ्या खुजे होत जातात आणि छोटे मोठे होतात, हे जे. ब्रिस्टल फॉस्टर यांनी 1964 मध्ये मांडले होते. वाघ-सिंहांसारखे शिकारी नसले आणि अन्न बेताचे असले की मोठे शरीर पोसणे परवडत नाही. त्यामुळेच फ्लोरेसवर हत्ती लहान झाला आणि उंदीर मोठा. माणसाच्या वंशालाही तोच नियम लागू पडला, आणि तो फार लवकर लागू पडला.

कथेला पुरावा मानण्याचा आणखी एक तोटा आहे, आणि तो जिवंत माणसांना भोगावा लागला. लिआंग बुआच्या जवळ रामपासासा नावाचे गाव आहे. तिथले लोक उंचीने कमी, सरासरी साधारण 145 सेंटिमीटर. ‘हॉबिटचे वंशज’ म्हणून पत्रकार आणि पर्यटक त्यांच्या दारात येऊ लागले, फूटपट्टी लावून फोटो काढू लागले. 2018 मध्ये त्या गावातल्या 32 जणांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात कोणत्याही अनोळखी प्राचीन मानवाचा अंश सापडला नाही. निअँडरथल आणि डेनिसोवन यांचे थोडे अंश होते, जसे त्या भागातल्या सगळ्यांत असतात. बुटकेपणा त्यांच्या स्वतःच्या वंशात, साध्या निवडीने आलेला आहे. फ्लोरेसवर माणूस लहान होण्याची क्रिया दोनदा, स्वतंत्रपणे झाली.

आता कथा कथा म्हणून पाहावी. तिच्यात अग्नी सगळीकडे आहे. एबु गोगो कच्चे खातात. एका प्रकारात ते माणसांची मुले पळवतात, ती स्वयंपाक शिकण्यासाठी! आणि ती चतुर मुले त्यांना फसवून घरी परततात. ते जेवणाला येतात आणि ताट खातात; कारण अन्न आणि अन्न ठेवायची वस्तू यांतला फरक त्यांना कळत नाही. शब्द उच्चारतात, पण संभाषण करता येत नाही. ताडाचे तंतू घेतात, पण हे जळते हे त्यांच्या लक्षात येत नाही. चूल, भांडे, भाषा, छप्पर: माणूस म्हणून नागे लोक ज्या ज्या गोष्टींवर उभे आहेत त्यांतली प्रत्येक गोष्ट एबु गोगोंपुढे ठेवली जाते आणि प्रत्येक ठिकाणी ते कमी पडतात. शेवटी ज्या अग्नीचे ज्ञान त्यांना नाही त्याच अग्नीने ते मरतात. इतकी घट्ट वीण सांगणाऱ्यांच्या पिढ्यांनी विचारपूर्वक घातलेली आहे. लिआंग बुआतल्या खुज्या मानवांनी अग्नी वापरल्याचा भरवशाचा पुरावा नाही आणि तिथे चुलीच्या खुणा आधुनिक माणसांबरोबर येतात, हे वाचून पुन्हा मन त्या जोडीकडे ओढले जाते. पण कथेला तो योगायोग लागत नाही. जंगलात आपल्यासारखे पण आपण नव्हे असे कुणी कल्पायचे झाले, तर पहिली गोष्ट काढून घ्यावी लागते ती चूल.

हेच दुसऱ्या एका बेटावर, सुमारे साडेचार हजार किलोमीटर पश्चिमेला, जवळजवळ त्याच शेवटासह सांगितले गेले आहे. श्रीलंकेच्या आग्नेय भागात, आज जिथे ‘याला’ नावाचे राष्ट्रीय उद्यान आहे त्या कोरड्या जंगलात, वेद्द हे मूळचे शिकारी लोक राहत. त्यांच्या कथांत निट्टेवो येतात: तीन-चार फुटांचे, केसाळ, झाडांवर आणि गुहांत राहणारे, लांब बळकट नखांनी शिकार फाडून खाणारे. वेद्द आणि निट्टेवो यांचे पिढीजात वैर. ह्यू नेव्हिल या ब्रिटिश अधिकाऱ्याने 1886 मध्ये हे प्रथम छापले. 1914 मध्ये फ्रेडरिक लुईस यांनी पानम भागातून त्याचा शेवट मिळवला. वेद्दांनी उरलेल्या निट्टेवोंना एका गुहेत कोंडले, तोंडाशी पालापाचोळा आणि लाकडे रचली आणि तीन दिवस आग धगधगत ठेवली.

गुहा, इंधन, आग, कुळाचा अंत. नागे आणि वेद्द यांचा एकमेकांशी संबंध आल्याचे काहीही दिसत नाही. आणि इथेही हाडे शोधायची घाई झाली, तीही फ्लोरेसच्या साठ वर्षे आधी. कोलंबोच्या वैद्यकीय महाविद्यालयातले शरीरशास्त्रज्ञ ऑस्मन हिल यांनी 1945 मध्ये निट्टेवोंवर लेख लिहिला आणि ते जावा मानवाच्या कुळातले असावेत असे सुचवले. त्या काळात आशियातल्या गाजलेल्या प्राचीन मानवांपैकी एक जावाचा होता. ज्या पिढीला जो जीवाश्म नवा, त्या पिढीने त्याच्या अंगावर कथेतला केसाळ माणूस चढवला. श्रीलंकेत जावा मानवाचे एकही हाड मिळालेले नाही. मिळाली ती आपल्यासारख्या माणसांची: फा हिएन गुहेत सुमारे 48,000 वर्षांपूर्वी राहिलेल्या आणि माकडे-खारी मारायला हाडाचे बाण वापरणाऱ्या शिकाऱ्यांची. लांब नखांचा विचार केला तर त्या जंगलात आजही असलेले अस्वल डोळ्यांपुढे येते. उभे राहते, वारूळ फोडते, माणसाचा चेहरा ओरबाडते. पण अस्वलाला वेद्द चांगले ओळखत होते. रोज ज्याच्याशी गाठ पडते त्या प्राण्याला ते निट्टेवो कशाला म्हणतील?

सुमात्राची गोष्ट जरा निराळी. तिथला ओरांग पेंडेक मेलेला नाही, तो आजही दिसतो असे केरिंची भागातले गावकरी सांगतात. बुटका, रुंद छातीचा, दोन पायांवर चालणारा, आणि काहींच्या मते उलट्या पावलांचा, म्हणजे माग काढणारा भलतीकडेच जाईल. आपल्याकडे हडळीचे पाय उलटे असतात हे मराठी वाचकाला सांगायला नको. 18व्या शतकाच्या अखेरीस विल्यम मार्सडेन या इंग्रज अधिकाऱ्याने सुमात्राच्या इतिहासात ‘गुगु’ नावाच्या, अंगभर लांब केस असलेल्या लोकांची ऐकीव हकीकत दिली, आणि तीही ‘कुबु’ या जंगलात राहणाऱ्या खऱ्याखुऱ्या माणसांच्या शेजारी. ती जवळीक मला अस्वस्थ करते. किनाऱ्यावरच्या शेतकऱ्याला आत जंगलात राहणारा शिकारी अर्धवट माणूस वाटावा आणि त्याच्याविषयी बोलता बोलता एखाद दिवशी त्याच्या अंगावर केस उगवावेत, हे जगात अनेक ठिकाणी घडले आहे.

1923 मध्ये व्हान हेर्वार्डन नावाच्या एका डच माणसाने पालेम्बांगच्या बाजूला झाडावर अशी एक केसाळ मादी पाहिल्याचे लिहून ठेवले. हातात बंदूक होती, नेमही धरला होता, पण गोळी झाडली तर खून केल्यासारखे होईल असे वाटून त्याने बंदूक खाली घेतली. डेबी मार्टर या ब्रिटिश पत्रकार 1989 पासून या प्राण्याच्या शोधात केरिंचीत राहिल्या. पुढे तिथल्याच राष्ट्रीय उद्यानात वाघांच्या शिकारी रोखणाऱ्या पथकांचे काम त्यांनी उभे केले. त्या जंगलातल्या स्वयंचलित कॅमेऱ्यांनी वाघ टिपले, टॅपिर टिपले, मलायी अस्वले टिपली. ओरांग पेंडेक टिपलेला नाही. जमिनीवर उतरून दोन पायांवर चालणारा सियामांग गिबन मात्र तिथे आहे, आणि बेटाच्या उत्तरेला ओरांगउटानही.

कथेत खऱ्या प्राण्याची आठवण राहू शकते का, तर राहू शकते. पण त्यासाठी माणूस आणि प्राणी खरोखर एकत्र राहिलेले असावे लागतात. मादागास्करवर 1658 मध्ये एत्येन द फ्लाकूर या फ्रेंच गव्हर्नरने दोन वर्षांच्या वासराएवढ्या, गोल डोक्याच्या, माणसासारख्या चेहऱ्याच्या एका प्राण्याचे वर्णन लिहिले. लोक त्याला फार भीत. ज्यांची हाडे सापडली आहेत ते नष्ट झालेले प्रचंड लेमूर या वर्णनाशी चांगले जुळतात, आणि त्यांतली काही हाडे अवघ्या पाचशे वर्षांपूर्वीची आहेत. इथे अंतर पाच-सहा पिढ्यांचे आहे, पन्नास हजार वर्षांचे नाही.

माणसाच्याच आठवणीचे उदाहरण तैवानमध्ये आहे, आणि या साऱ्या कथांत मला ते सर्वांत थोर वाटते. बेटाच्या वायव्य डोंगराळ भागात सैसियात नावाचा सहा-सात हजारांचा छोटा आदिवासी समाज आहे. त्यांचे शेजारी होते ताआय: तीन फुटांचे, काळसर, नदीपलीकडच्या गुहेत राहणारे. पण हे ताआय अडाणी नव्हते. पेरणी, औषधे, गाणी, नाच यांत ते सैसियातांचे गुरू होते. सुगीच्या उत्सवाला दोघे एकत्र येत. तंटा झाला तो एका गोष्टीवरून: ताआय पुरुष सैसियात बायकांच्या अंगचटीला जात. चिडलेल्या तरुणांनी मग एक झाड निवडले. नदीवर ओणवलेल्या त्या झाडावर ताआय चढून बसत. तरुणांनी त्याचे खोड जवळजवळ पूर्ण कापले आणि कुणाला दिसू नये म्हणून खाचेवर चिखल लिंपला. ताआय येऊन बसले, झाड कोसळले, सगळे नदीत बुडाले. दोन म्हातारे तेवढे वाचले.

उआच्या कथेतले जोडपे जंगलात पळून जाते आणि कथा तिथेच थांबते. इथे ते दोन म्हातारे थांबले. त्यांनी सैसियातांना विधीची सगळी गाणी आणि नाच शिकवले, विसरलात तर पीक येणार नाही असे बजावले आणि मग पूर्वेकडे निघून गेले. जाताना एका रानताडाची पाने त्यांनी चिरत नेली. त्या पानांच्या आज दिसणाऱ्या चिरा त्याच्याच असे सैसियात सांगतात. सैसियात समाज दर दोन वर्षांनी, सुगीनंतर, चिनी पंचांगाच्या दहाव्या महिन्याच्या सुमारास पास्ताआय नावाचा विधी करतो; दर दहा वर्षांनी तो मोठ्या प्रमाणावर होतो. रात्ररात्र हातात हात गुंफून लोक वर्तुळात नाचतात आणि ताआयांना बोलावतात, त्यांची समजूत काढतात, मग निरोप देतात. ही गाणी विधीच्या काळाबाहेर म्हणायला मनाई आहे.

तैवानच्या इतर बहुतेक आदिवासी समाजांतही बुटक्या, काळ्या, आधीपासून राहणाऱ्या लोकांच्या कथा आहेत. छिंग राजवटीच्या चिनी नोंदींतही त्यांचा उल्लेख येतो. 2022 मध्ये पूर्व किनाऱ्यावरच्या शियाओमा गुहेतल्या सुमारे 6,000 वर्षांपूर्वीच्या एका स्त्रीच्या अवशेषांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तिची उंची साधारण 139 सेंटिमीटर होती, आणि तिच्या कवटीचे साम्य फिलिपाइन्समधल्या, आजही असलेल्या बुटक्या शिकारी समाजांशी निघाले. ही दुसरी कुठली प्रजाती नव्हती, ही आपल्यासारखी माणसे होती. तैवानमध्येच आकाराला आलेल्या ऑस्ट्रोनेशियन समाजांची आणि यांची गाठ पडली असणे अगदी शक्य आहे. ताआयांची कथा जुळते ती म्हणूनच: तिच्यात शेजारी बुटका आहे, पण माणूस आहे, आणि त्याला मारणे हा गुन्हा आहे.

विधीच्या दिवसांत सैसियात लोक दंडाला आणि डोक्याला एका रानगवताची पाती बांधतात. ताआयांचा राग अजून गेलेला नाही, गवत बांधलेल्याला ते आपला समजतील, असा त्यामागे समज आहे. पाहायला आलेल्या परक्यांच्या दंडाला आणि त्यांच्या कॅमेऱ्यांनाही तिथले लोक तीच पाती बांधून देतात.